सोन्याच्या खोलीतले वैरागडेकाका

वैरागडेकाका कुठल्याही खोलीत शिरताना आधी वर बघतात. माणसांकडे नंतर. डोक्यावर काय टांगलंय, कशाने टांगलंय आणि सुटलं तर कुठे पडेल, एवढा अंदाज डोळ्यांनी घेऊन झाला की ते बाहेर पडायचा दरवाजा शोधतात, आणि मग कुठे "गुड मॉर्निंग" म्हणतात. आमच्या म्युझियममधल्या लोकांना याची इतकी सवय झाली आहे की काका वर बघत असेपर्यंत सगळे चहाचा मग हातात धरून नुसते थांबतात. एकदा नव्या क्लीनरने त्यांच्यामागोमाग वर बघितलं आणि "काय आहे?" म्हणून विचारलं. काका म्हणाले, "अजून काही नाही."

आमचं म्युझियम इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीपासून बसच्या अंतरावर आहे. छोटंच आहे. काका आणि मी तिथे गॅलरी असिस्टंट आहोत. नाव भारदस्त असलं तरी काम सोपं. खोलीत उभं राहायचं, लोकांनी वस्तूंना हात लावू नये एवढं बघायचं आणि टॉयलेट कुठे आहे ते दिवसभर सांगायचं. माझा नवरा अनिकेत आयटीत आहे. त्याच्या व्हिसावर मी पुण्याहून इथे आले, आणि ही माझी इथली पहिली नोकरी. दोघांची भाषा एक आहे हे कळल्यावर आमचा सुपरवायझर गॅरेथ याने, म्हणजे कार्डिफच्या एका आडदांड पण सज्जन माणसाने, मला पहिल्याच दिवशी काकांच्या हवाली केलं. त्या दिवशी मला म्युझियममधल्या वस्तूंबद्दल काहीही कळलं नाही. त्या कोणावर पडू शकतात हे मात्र नीट कळलं.

काका मूळचे नागपूरचे. काकू, डॉक्टर शैला वैरागडे, इथल्या हॉस्पिटलमध्ये नोकरीला आल्या तेव्हा काका त्यांच्याबरोबर आले आणि एका विमा कंपनीत क्लेम डिपार्टमेंटला चिकटले. तिथे त्यांनी आयुष्यभर लोकांचे अपघात वाचले. सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत कोणीतरी कुठूनतरी पडलेलं असायचं. एका बाईंच्या पोपटाने मेणबत्ती उलटवली आणि अख्खं घर गेलं. एका माणसाच्या पायावर ऐन नाताळात फ्रीजरमधली गोठलेली टर्की पडली. इतरांना हे विनोद वाटतात, काकांच्या लेखी हा इतिहास आहे. कोणी हसलं की ते शांतपणे म्हणतात, "हसू नका. मी क्लेममध्ये होतो." आणि वर त्यांचं ठरलेलं, "काही सांगता येत नाही ना बाप्पा."

काका नाडीचे बूट घालत नाहीत. केळं घरीच सोलून डब्यात घालून आणतात, म्हणजे साल म्युझियमच्या फरशीवर यायचा प्रश्नच नको. मी पहिल्या आठवड्यात ओढणी घेऊन गेले तर त्यांनी ती काढायला लावली.

"काहून घेतली ओढणी? एस्केलेटरमध्ये अडकते."

मी म्हटलं, काका, आपल्या म्युझियममध्ये एस्केलेटर नाही.

"जगात आहे ना," काका म्हणाले.

काकू जाऊन काही वर्षं झाली होती. मुलंबाळं नव्हती. त्याबद्दल ते बोलत नसत आणि आम्हीही विचारत नसू. बाकी सगळ्याबद्दल ते बोलत, आणि ते ऐकता ऐकता कधी कोण जाणे, त्यांची भीती मला चिकटली. सर्दी चिकटते तशी. मी घराबाहेर पडताना टोस्टरचा प्लग काढायला लागले. मग परत जाऊन तो काढलाय ना, हे बघायला लागले. अनिकेत हसायचा. त्याला हसताना बघून मला वाटायचं, हा क्लेममध्ये नव्हता.

अशात आमच्याकडे सोनं आलं.

पश्चिम आफ्रिकेतल्या असांते राजांचं सोनं. मोठ्या म्युझियममधून काही महिन्यांसाठी आमच्यासारख्या लहान म्युझियमला मिळालेलं. सोन्याच्या पत्र्याने मढवलेल्या तलवारींच्या मुठी, मुठीएवढ्या अंगठ्या, सोन्याची फुलं ठोकलेल्या चपला, आणि छातीवर घालायच्या गोल चकत्या. त्यांच्यासाठी खालच्या मजल्यावरची खोली काळ्या रंगाने रंगवली, नवीन काचेच्या पेट्या बसवल्या, पेटीला धक्का लागला तर अलार्म आणि अलार्म झाला तर दरवाजे आपोआप बंद, अशी व्यवस्था केली. त्या खोलीवर कोणाला उभं करायचं हे ठरवताना गॅरेथला वाटलं, सगळ्यात सावध माणूस कोण? आणि त्याच्याबरोबर दुसरं कोण? अशी माझी त्या खोलीत नेमणूक झाली.

प्रदर्शन सुरू व्हायच्या आधी, ते मांडणाऱ्या क्युरेटरबाईंनी आम्हाला वस्तूंची माहिती दिली. तरुण, हुशार बाई, फार मन लावून बोलत होत्या. एका पाटीवर लिहिलं होतं की ही चकती अमुक साली 'मिळवली'. काकांनी शाळेतल्यासारखा हात वर केला आणि विचारलं, कोणी, कोणाकडून मिळवली? क्युरेटरबाई म्हणाल्या की प्रश्न बरोबर आहे, आणि पुढच्या भिंतीवर ते सगळं स्पष्ट लिहिलंय. दीडशेएक वर्षांपूर्वी ब्रिटिश फौज कुमासी नावाच्या राजधानीत शिरली, राजवाड्यातलं सोनं उचललं आणि राजवाडा उडवून दिला. मग सोन्याचा लिलाव झाला. काकांनी विचारलं, मूळ मालकांनी काही कळवलंय का? बाई म्हणाल्या, हो, ते कित्येक वर्षं परत मागतायत.

काकांचा चेहरा पांढरा पडला. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "मेघना, हा क्लेम ओपन आहे."

मला नीट कळलं नाही.

"मालकाचा दावा मिटला नाही की क्लेम ओपन. तसल्या वस्तूच्या शेजारी उभं राहू नये. कोण येईल, काय करेल, काही सांगता येत नाही. आणि आला तर चूक त्याची नाही, हे त्याहून वाईट."

त्या दिवशी त्यांनी डब्यातलं केळं खाल्लं नाही.

खरं सांगायचं तर ती खोली होतीच भीतिदायक. काळ्या भिंती, मंद उजेड, आणि पेट्यांच्या आत तेवढं सोनं पेटलेलं. सकाळी लोक यायच्या आधी मी एकटी आत गेले की असं वाटायचं, इथे कोणीतरी बोलत होतं आणि मी आल्यामुळे गप्प झालं. हवा खेळवणारं मशीन कुठेतरी घुमत असायचं. प्रत्येक चकतीच्या मधोमध एक फुगीर गोळा होता, त्याच्याभोवती पाकळ्यांसारखे उठाव. बाजूने चालत गेलं की त्यावरचा उजेड सरकायचा आणि वाटायचं, चकतीने आपल्याकडे मान वळवली. मी काकांना हे सांगण्याची चूक केली. त्यानंतर ते त्या पेटीकडे पाठ करून उभे राहायला लागले. मग पाठ करून उभं राहण्याची जास्त भीती वाटायला लागली, म्हणून तिरके.

संशय सगळ्यांवर होता. लांब कोट घातलेल्यांवर, कोट न घातलेल्यांवर, पाटी फार वेळ वाचणाऱ्यांवर आणि अजिबात न वाचणाऱ्यांवर. काका रेडिओवरून कंट्रोल रूमला दबक्या आवाजात वर्णनं देत. एकदा त्यांनी ज्या गृहस्थांचं वर्णन दिलं ते आमच्या ट्रस्टचे अध्यक्ष निघाले.

आणि अशातच एके दिवशी ऑंटी अकोसुआ आल्या.

म्हातारी आफ्रिकन बाई, हातात काठी, डोक्याला निळं फडकं बांधलेलं, अंगावर चर्चला जाताना घालतात तसा ठेवणीतला कोट. त्या सरळ चकतीच्या पेटीसमोरच्या बाकावर बसल्या आणि बसूनच राहिल्या. काकांनी रेडिओ तोंडाशी नेला. "बाई आहे. काठी आहे. काठीला खाली धातू आहे. नुसती पाहून राहिली आहे." कंट्रोल रूमने विचारलं, पाहण्यासाठीच ठेवलंय ना ते? काका म्हणाले, इतकं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या, आणि मग येतच राहिल्या. घाबरटपणापायी का होईना, काकांना त्यांच्याशी बोलणं भाग पडलं. त्या घानाच्या, कुमासीच्याच. तरुणपणी नर्स म्हणून इथे आल्या, कॉव्हेंट्रीत आयुष्यभर नोकरी केली आणि आता एकट्या राहत होत्या. मला ऑंटी म्हणा, त्यांनीच सांगितलं. त्यांच्या आजीकडून त्यांनी ऐकलं होतं की घराण्यातला एक पुरुष राजाच्या दरबारात अशी चकती घालून असायचा. मी विचारलं, म्हणजे दागिना? त्या म्हणाल्या, दागिना नाही, काम. राजाच्या आत्म्याला जे काही बाधायला येईल ते आधी या माणसाने आपल्या छातीवर घ्यायचं. राजाला त्याचा पत्ताही लागू द्यायचा नाही.

काका हे ऐकत होते. त्यांनी विचारलं, त्या माणसाला काय मिळायचं? ऑंटी म्हणाल्या, ते आजीने सांगितलं नाही.

मग एके दिवशी त्यांनी पाणी मागितलं. काका तत्परतेने म्हणाले, खोलीत पाणी आणायला बंदी आहे, बाहेर कॅफेत मिळेल, चला मी सोडतो. ऑंटी म्हणाल्या, मला नको आहे. आणि काठीने चकतीकडे दाखवलं.

त्यांनी समजावून सांगितलं. आमच्याकडे लांबून कोणी आलं की आधी त्याला बसवायचं, पाणी द्यायचं. मगच, का आलास, काय काम काढलंस ते विचारायचं. आणि घरातली गेलेली माणसं असतील तर त्यांना पाणी जमिनीवर ओतायचं, नाव घेऊन. या चकत्यांबरोबर आमची ही गेलेली मंडळी इथे येऊन इतकी वर्षं झाली. बघायला एवढे लोक आले, पण त्यांना पाणी कोणी विचारलं नाही. थोडंसं ओतते, घोटभर.

काकांनी नियम सांगितला. त्या मान हलवून निघून गेल्या. त्यांना राग आला नव्हता, उलट त्यांनी काकांचे आभार मानले. संध्याकाळी स्टाफरूममध्ये जॅकेट घालताना ते अचानक म्हणाले, "नागपुरात मे महिन्यात माझी आई दारावर आलेल्या वसुलीवाल्यालाही आधी पाणी द्यायची. मग भांडायची."

मी म्हटलं, काका, तो नियम आहे. आपण काय करणार?

"तेच म्हणून राहिलो ना मी. आपण काय करणार?" पण तोंडावरून ते तसं म्हणत आहेत असं वाटेना. मला त्यांच्या त्या चेहऱ्याची पहिल्यांदा खरी भीती वाटली.

पुढच्या वेळी ऑंटी आल्या तेव्हा थकलेल्या दिसत होत्या. बाकावर बसतानाच त्यांना दम लागला. दुपारची वेळ होती, शाळेची मुलं नुकतीच गेली होती. खोलीत दूरच्या कोपऱ्यात एक इंग्लिश जोडपं तेवढं होतं. मी तलवारींपाशी होते. बघते तर काका ऑंटींच्या समोर उभे, आणि जॅकेटच्या आतून त्यांनी पाण्याची बाटली काढली. जो माणूस फरशीवर ओल दिसली तर सावधानतेची पिवळी पाटी येईपर्यंत तिच्यावर पहारा देतो, त्याने स्वतःच्या हाताने बाटलीचं झाकण उघडलं. ऑंटींनी बाटली धरण्याआधीच थोडं पाणी काकांच्या स्वतःच्याच बुटावर सांडलं.

कॅमेरा कुठे आहे ते मला माहीत होतं. काकांनीच दाखवला होता. डोक्यात एका क्षणात पोलीस आले, व्हिसा आला, पुण्याचं विमान आलं. यातलं काहीही घोटभर पाण्याने होत नाही हे कळत असूनही आलं.

ऑंटी काठी टेकून उठल्या. हळू आवाजात त्या आपल्या भाषेत बोलत होत्या. एक नाव घ्यायच्या आणि थोडं पाणी सोडायच्या. काका बाजूला मान खाली घालून उभे होते, पूजेला आलेल्या पाहुण्यासारखे. शेवटचं नाव घेताना ऑंटींचा तोल गेला. सावरायला म्हणून त्यांनी हात टेकला तो नेमका पेटीच्या काचेवर.

अलार्म वाजला.

तसा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. कानात नाही, दातांत वाजत होता. दरवाजे खाडकन बंद झाले, लाल दिवे फिरायला लागले. इंग्लिश बाई किंचाळून नवऱ्याला बिलगली. मी तलवारींच्या पेटीपाशी खिळून उभी राहिले. मला एवढंच कळत होतं की आपण आत कोंडलो गेलोय. ऑंटी थरथर कापत होत्या. त्यांचा श्वास घशात घरघरत होता आणि ओठ कोरडे पडले होते.

मी काकांकडे बघितलं. आता हा माणूस कोसळणार, असं मला वाटलं.

काका शांत होते. त्यांनी ऑंटींना दोन्ही हातांनी धरून बाकावर बसवलं, स्वतः शेजारी बसले, त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि उरलेलं पाणी त्यांना पाजलं. "हळू श्वास घ्या. माझ्याकडे बघा. काही पडणार नाही. मी वर पाहिलं आहे," ते इंग्लिशमध्ये सांगत होते. त्या इंग्लिश जोडप्यालाही त्यांनी सांगितलं की दरवाजे आता उघडतील, खाली बसा, टॉयलेट बाहेर पडल्यावर डाव्या हाताला. मग रेडिओ उचलला आणि एकही शब्द न अडखळता बोलले, "कंट्रोल, वैरागडे. काचेला माझा हात लागला. मला चक्कर आली. एका बाईंना बरं नाहीये, फर्स्ट एड पाठवा." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "मेघना, ये इकडे. बस. तुझं काही होणार नाही."

त्यांच्या आवाजात असं काहीतरी होतं की मी सरळ चालत जाऊन बाकावर त्यांच्या शेजारी बसले.

कॅमेऱ्यात सगळं दिसलंच. गॅरेथने दुसऱ्या दिवशी काकांना बोलावलं तेव्हा त्यांनी काहीही नाकारलं नाही. पाणी मी नेलं, ओतू मी दिलं, रेडिओवर खोटं मी बोललो. ऑंटींना मात्र काही विचारू नका, एवढंच त्यांनी मागितलं. गॅरेथने डोकं धरलं. काढून टाकण्याचं त्याच्या मनात नव्हतं, पण सोन्याच्या खोलीत ठेवणंही शक्य नव्हतं. काकांची बदली वरच्या मजल्यावर झाली, पेंढा भरलेल्या प्राण्यांमध्ये. तिथे काळ्यापांढऱ्या तोंडाचा एक बिजू आहे, एक कोल्हा आहे आणि छताला टांगलेला एक गरुड आहे. काका गरुडाखाली कधीच उभे राहिले नाहीत.

पण प्रकरण तिथे थांबलं नाही. क्युरेटरबाईंनी वरिष्ठांकडे जाऊन बरंच भांडण केलं असावं. मीटिंगांवर मीटिंगा झाल्या, आणि शेवटी असं ठरलं की प्रदर्शन संपण्याआधी ऑंटी आणि त्यांच्या समाजाची वडील मंडळी येऊन रीतसर पाणी देतील. फक्त ते फरशीवर नाही, ट्रेमध्ये. त्या दिवशी काळ्या खोलीत रंगीत कापडं ल्यालेली माणसं उभी राहिली, ऑंटी मधोमध, आणि पाणी ट्रेमध्ये पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मी त्या वेळी दरवाजाशी होते. मशीन तेव्हाही घुमत असणार, पण मला ते ऐकू आलं नाही.

काकांना बोलावणं नव्हतं. ते कोणाला सुचलंच नाही. कार्यक्रम झाल्यावर ऑंटींनी मला विचारलं, तो भित्रा माणूस कुठे आहे? मी त्यांना लिफ्टने वर घेऊन गेले. त्या काकांशेजारी बसल्या, बिजूच्या समोर. त्यांनी सांगितलं की पाणी पोचलं. काकांनी विचारलं, फरशी कोरडी आहे ना? त्या इतक्या हसल्या की कोल्ह्याची काच हलते की काय असं मला वाटलं. जाताना त्यांनी काकांच्या छातीवर तळहात ठेवला, क्षणभरच, आणि निघाल्या.

त्या गेल्यावर मी तिथेच बसले. बाहेर दाट धुकं होतं आणि म्युझियम रिकामं. मला बरेच दिवस विचारायचं होतं ते मी विचारलं. काका, त्या दिवशी अलार्म झाला तेव्हा तुम्ही घाबरला कसे नाहीत? तुम्ही तर एरवी टर्कीला घाबरता.

काका बिजूकडे बघत म्हणाले, "जेव्हा होते ना, तेव्हा भ्यायचं काही कारण नसते. तेव्हा नुसतं करायचं असते. भीती त्याच्या आधीची गोष्ट आहे. आधी पुरेसं भ्यायलो की मग होत नाही."

मी म्हटलं, असं कुठे असतं?

"नसते. मला कळते ना. मी क्लेममध्ये होतो." ते पुढे सांगायला लागले. "शैला रिटायर झाली त्या उन्हाळ्यातली गोष्ट आहे. मी तेव्हाही असाच होतो, पण बेताचा. बाहेर जाताना तिला विचारायचो, गॅस पाहिला? फोन जवळ आहे? गोळी घेतली? ती चिडायची. म्हणायची, श्रीकांत, डॉक्टर मी आहे. त्या दिवशी मेथी आणायला निघालो. ऊन फार छान पडलं होतं. ती मागे बागेत खुर्ची टाकून बसली होती, पायातल्या चपला काढून. मला वाटलं, कशाला विचारायचं. काही विचारलं नाही. शीळ वाजवत गेलो. मला शीळ येते, तुला माहीत नसेल."

मला माहीत नव्हतं.

"परत आलो तेव्हा खुर्चीतच होती. हार्ट. म्हणे कळलंही नसेल तिला." ते हे अगदी साध्या आवाजात सांगत होते, ऑफिसमधली जुनी गोष्ट सांगावी तसं. "इतकी वर्षं रोज भ्यायलो, मेघना. एक दिवस रजा घेतली. त्यानंतर मग घेतली नाही."

मी त्यांच्या कोटाच्या बाहीला हात लावला, आणि मला रडू येईल असं वाटून काढून घेतला. काकांनी न बघितल्यासारखं केलं. मी सकाळपासून दर थोड्या वेळाने फोन बघत होते हे मात्र त्यांनी बघितलं होतं. त्यांनी विचारलं, अनिकेत कुठे आहे आज? मी सांगितलं, ऑफिसच्या कामाला स्लाऊला गेलाय, गाडी घेऊन, आणि मोटरवेवर धुकं आहे, आणि त्याचा मेसेज आलेला नाही.

काकांनी खिडकीबाहेर बघितलं. मग माझा फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच्या मांडीवर उपडा ठेवला.

"त्याची काळजी आज माझ्याकडे," ते म्हणाले. "तू जा. खाली कॅफेत बस आणि निवांत चहा पी."